समुद्राची आणेवारी

शेतातले पीक बुडाले की सरकार आणेवारी काढते. ती खरी की खोटी यावर गावोगाव भांडणे होतात. पण भांडायला निदान आधार असतो. या जमिनीत चांगल्या साली किती पिकते, हे ठाऊक असते. समुद्रच बुडाला तर?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेले. नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर होती! तवंग उरणच्या, घारापुरीच्या तिवरांत शिरला. तिवराची मुळे श्वासासाठी चिखलातून डोके वर काढतात. त्यांवर तेलाचा लेप बसला की झाड उभ्या उभ्या गुदमरते. साफ करायला माणसे उतरवावीत, तर त्यांच्याच पायांनी तेल आणखी खोल जाते.

पुढल्याच ऑगस्टात 'राक' हे कोळशाचे जहाज मुंबईसमोर बुडाले, त्याचेही तेल पसरले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली जहाजवाल्यांना १०० कोटी भरायला सांगितले. कोणाला तरी जबाबदार धरले, हे उत्तमच. माझे भांडण त्या गोल आकड्याशी आहे. शंभरच का? नव्वद का नाही, तीनशे का नाहीत?

अमेरिकेचा १९९० चा कायदा निराळे विचारतो: तेल सांडले नसते तर ही जागा आज कशी असती? तिथवर परत नेण्याचा खर्च, मधल्या काळातले नुकसान आणि मोजणीचाही खर्च सांडणाऱ्याने द्यावा. अमेरिकन तेवढे शहाणे, असे मुळीच नव्हे. १९८९ साली अलास्कात 'एक्सॉन वाल्डीझ'चे तेल किनाऱ्याला लागले, तेव्हा त्यांनी खडक गरम पाण्याच्या झोतांनी धुतले आणि तेलातून वाचलेले जीव धुण्याने मारले. पण काही जागा तुलनेसाठी मुद्दाम न धुता ठेवल्या होत्या, म्हणून हे कळले तरी.

आपल्याकडे तुलनेला काय आहे? बंदरावर उतरलेल्या मासळीची मोजदाद होते. पण खाडीत निवट्या किती, कालवे किती, उरणच्या कोळणीच्या टोपलीत रोज काय येते, याची वही कोणत्या तलाठ्याकडे आहे? खाडीचा सातबारा निघत नाही. आणि मग तिलाच विचारायचे, 'बाई, पुरावा काय?'

मोजणी तेल येण्यापूर्वी हवी, दरसाल, खाडीवार. आणि तिचा खर्च जहाजांकडून घेतल्या जाणाऱ्या बंदराच्या आकारातून निघावा. मोजायला विद्यापीठातली मुले न्यावीत, पण पुढे ती कोळीण चालू द्या. कोणत्या ओहोटीला कालवे कुठल्या खडकावर सापडतात, हे तिला पाठ आहे.