नटनट्यांची दाटी, रसाची वाण

जुन्या हॉलिवूडवरील ‘बॅबिलॉन’ हा चित्रपट आम्हीं नुकताच शिंदखेड्यास घरीं बसून पाहिला. डेमियन शॅझेल यांचा हा चित्रपट २०२२ सालचा. ब्रॅड पिट, मार्गो रॉबी, टोबी मॅग्वायर असे नामांकित नट, सुमारें आठ कोटी डॉलर खर्च आणि तीन तास नऊ मिनिटें लांबी! इतकी सामग्री जमविल्यावर पाकहि तसाच उतरावा, ही अपेक्षा अवास्तव नव्हे. तो तसा उतरला नाहीं, आणि आम्हांस विशेष वाईट वाटलें तें विषयामुळें.

कारण विषय खरोखर मोठा आहे. १९२७ सालीं ‘द जॅझ सिंगर’ निघाला आणि मूकपटांच्या राज्यांत वाणीनें प्रवेश केला. ज्यांनीं केवळ दृष्टीनें व हावभावांनीं जग जिंकलें होतें, त्यांस एकाएकीं ‘बोला’ अशी आज्ञा झाली. जन्मभर कमावलेली विद्या एका यंत्रानें कवडीमोल व्हावी, याहून करुण प्रसंग कोणता? पिट यांचा जॅक कॉनराड हा जॉन गिल्बर्ट या खऱ्या नटावरून बेतलेला आहे. तो गुपचूप चित्रगृहांत शिरतो, आणि आपल्या प्रणयाच्या संवादावर प्रेक्षक हंसत असलेले ऐकतो. हा प्रसंग अस्सल आहे. पण दिग्दर्शकास तेथें थांबवत नाहीं.

आरंभींच टेकडीवर चढविला जाणारा हत्ती माणसाच्या अंगावर मलोत्सर्ग करतो; पुढें मद्य, नग्नता, ओकाऱ्या यांची रीघच लागते. (मुलाबाळांसह पाहण्याचा हा चित्रपट नव्हे, हें सांगणें नलगे.) भरतमुनींनीं भोजन, शयन, चुंबन हींदेखील रंगभूमीवर निषिद्ध मानलीं, तें आजच्या तरुणांस सोवळेपण वाटेल. बीभत्स हाहि रसच, हें आम्ही जाणतों. परंतु जुगुप्सेचा रस होण्यास कांहीं प्रयोजन लागतें. येथें ती घागरीनें ओतली जाते, आणि शोकाची वेळ येते तेव्हां प्रेक्षकाचें मन बधिर झालेलें असतें. जॅक आत्मघात करतो, आणि आमचा डोळा कोरडाच!

असाच नटांचा मेळा श्याम बेनेगल यांच्या १९७७ सालच्या ‘भूमिका’ चित्रपटांतहि होता : अमोल पालेकर, अनंत नाग, नसीरुद्दीन शाह, अमरीश पुरी. विषयहि जुन्या चित्रसृष्टीचाच; हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला. पण तेथें कोणी मिरवावयास आलेला नाहीं. नायिका स्मिता पाटील. त्यांचें घराणें आमच्या तापीपलीकडील शिरपूरचें, म्हणून आम्ही पक्षपात करतों असें कोणी म्हणेल. खुशाल म्हणो! चित्रपटाचा धंदा माणसास कसा गिळतो, हें दाखविण्यास त्यांस हत्ती लागला नाहीं.

शॅझेल यांचा विषय तर आपल्याकडे प्रत्यक्ष घडलेला आहे. मास्टर विठ्ठल हे कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत उमेदवारी करून पुढें आले व साहसी मूकपटांचे अग्रणी नायक झाले. ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटासाठीं त्यांनीं पूर्वीच्या कंपनीचा करार सोडला. खटला उभा राहिला, आणि बॅरिस्टर जिना यांनीं त्यांची बाजू मांडली. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें चित्रपट लागला. परंतु हिंदी उच्चार साधेनात, म्हणून नायकाच्या तोंडीं शब्द फारच थोडे ठेवावे लागले. भारताच्या पहिल्या बोलपटाचा नायक, आणि तोच जवळजवळ मुका! पुढें ते मराठी बोलपटांत दिसत राहिले, पण तें पूर्वीचें वैभव कांहीं परतलें नाहीं. १९६९ सालीं ते वारले.

‘बॅबिलॉन’मध्यें एक वृत्तपत्रलेखिका जॅकला सांगते कीं, तुझा काळ संपला, तरी चित्रफितींत तूं कायम जिवंत राहशील. ‘आलम आरा’ची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. कांहीं छायाचित्रें तेवढीं उरलीं आहेत.