देवाची भीती नसेल तर?

राणीसावरगाव हे रेणुकामातेचं गाव. इथे चहाच्या टपरीवर ‘मी देव मानत नाही’ असं म्हणून बघा. लगेच प्रश्न येतो: मग वाईट वागायला तुला अडवतं कोण?

विचारणाऱ्याला माझा उलट प्रश्न: तुला फक्त देवानेच अडवलंय का? उद्या श्रद्धा उडाली तर शेजाऱ्याचा कापूस चोरशील? नाही ना? मग तुझाही चांगुलपणा भीतीवर उभा नाही.

र. धों. कर्वे पक्के नास्तिक. सततच्या बाळंतपणांनी बायका खंगत होत्या, मरत होत्या, म्हणून त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. प्राध्यापकी सोडावी लागली. अश्लीलतेचे खटले झाले. तरी १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. या कष्टांचं फळ स्वर्गात मिळेल, एवढीही आशा त्यांना नव्हती.

चूक झाली की देवापुढे नाक घासून मोकळं होता येतं. नास्तिकाला ती सोय नाही. ज्याचं नुकसान केलं, त्याच्याच दारात जाऊन त्याला उभं राहावं लागतं. आता सांगा, मोकाट कोण सुटलंय?