गरम दूध पिशवीत घेऊ नका

दुधात पाणी आहे का, हे तुम्ही बघता. लॅक्टोमीटर ते सांगतो. पण प्लास्टिकमधून किंवा शाईतून दुधात उतरलेलं रसायन त्याला कळत नाही. जिभेलाही कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. आणि दूध कितीही उकळलं तरी ते जात नाही.

2005 साली इटलीत बाळांचं सुमारे 3 कोटी लिटर दूध जप्त झालं. खोक्यावरच्या छपाईच्या शाईतलं रसायन त्यात सापडलं होतं. कागदाची रिळं गुंडाळताना बाहेरची शाई आतल्या बाजूला लागली होती. तेवढ्या प्रमाणात काळजीचं कारण नाही, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी पुढे सांगितलं. पण तपासलं म्हणून कळलं.

म्हणून घाबरून डेअरीची पिशवी बंद करू नका. भिलवडी, कराड, फलटणहून येणारं दूध थंड असतं आणि त्या पिशव्या दुधासाठीच बनवलेल्या असतात. आपल्याकडच्या 2018 च्या नियमांनुसार पॅकिंगच्या प्लास्टिकमधून किलोमागे 60 मिलिग्रॅमपेक्षा जास्त द्रव्य अन्नात उतरता कामा नये. साध्या पातळ कॅरीबॅगची अशी खात्री कोण देणार?

उष्णता आणि स्निग्धांश, या दोन्हींनी रसायन जास्त उतरतं. म्हणजे म्हशीचं दाट, गरम दूध पातळ पिशवीत घेणं सगळ्यात वाईट. टपरीवरचा गरम चहा पिशवीत बांधून आणता, तोही त्यातलाच. घरून स्टीलची किटली न्या. दुकानदार नाही म्हणणार नाही.

गोठलेली पिशवी गरम पाण्यात सोडू नका. आधी फोडा, दूध पातेल्यात ओता. बाळाला गरम दूध प्लास्टिकच्या बाटलीतून देण्यापेक्षा वाटी-चमच्याने पाजा.

गोठा असेल तर आणखी दोन गोष्टी. रंगाची बादली आणि फवारणीच्या औषधाचा कॅन दुधाला कधीच वापरू नका, कितीही घासला तरी. आणि धारा काढायच्या यंत्राची नळी फाटली, तर हार्डवेअरच्या दुकानातली पाण्याची नळी जोडू नका. मऊ प्लास्टिकच्या नळीत तिला लवचिक ठेवणारं द्रव्य असतं. ते दुधातल्या फॅटमध्ये सहज मिसळतं. दुधासाठीचीच नळी मागून घ्या.

दुधाला प्लास्टिकचा वास आला, तर मुलांना देऊ नका. अन्न व औषध प्रशासनाला 1800-222-365 वर कळवा. विकत घेतलेलं दूध फी भरून तपासून घ्यायचा हक्क कायद्याने तुम्हाला दिला आहे. मात्र तपासणीसाठी नेतोय, हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. अहवाल 14 दिवसांत मिळायला हवा. तोवर पिशवी फेकू नका, तिच्यावरचा बॅच नंबर लागेल.