मोळी

आमच्या बारामती-इंदापूरकडे दिसेल ते करकचून बांधायची खोड आहे. उसाची मोळी जरूर बांधावी. पण सर्व्हरच्या वायरींनी काय घोडं मारलंय? १९ इंची रॅकमागे प्लास्टिकच्या पट्ट्या अशा आवळतात, की वाटावं, आता हे सगळं गव्हाणीत जाणार! वर फोटो काढतात. अहो, त्या वायरीत तांब्याच्या चार जोड्या हिशेबानं पिळलेल्या असतात. आवळलं की पीळ बिघडतो. शिवाय सर्व्हर रुळांवरून पुढे ओढायचा, तर गाईच्या दाव्याएवढी तरी ढील नको? वेल्क्रो बांधा, आणि दोन्ही टोकांना चिठ्ठ्या! (चिठ्ठी म्हटलं की मंडळींना फक्त तोडणीची आठवते.) नाहीतर ऐन गळितात रात्री कुणी पोरगं भलतीच पिन उपसतं, काटा बंद पडतो आणि गाड्या रांगेत उभ्या. सकाळपर्यंत ऊस वाळतो, अन् वजन घटतं ते शेतकऱ्याचं.