सेटिंग असते बे!

कुठल्याही हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये लॅपटॉपवर जपानची नाहीतर अमेरिकेची कुस्ती लागली, की पाच मिनिटांच्या आत दारातून एक डोकं आत येतं आणि विचारतं, "काहून पाहता बे हे? सगळं सेटिंग असते!" एवढं बोलून ते महाशय पाण्याची बाटली भरायला निघून जातात. पाहणारे मात्र उगाच ओशाळतात. जणू काही परीक्षेत कॉपी करतानाच सापडले!

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न चांगला आहे, पण तो आपण चुकीच्या आखाड्यात विचारतो. जिथे सेटिंग उघड आहे तिथे ओरडून विचारतो आणि जिथे विचारायलाच पाहिजे तिथे टाळ्या वाजवून घरी येतो.

आधी नावाचा घोळ निस्तरू. टीव्हीवरच्या दोरखंडाच्या रिंगणातल्या मारामारीला आपल्याकडे सर्रास 'फ्रीस्टाइल' म्हणतात. खरी फ्रीस्टाइल ही ऑलिंपिकमधली कुस्ती. तिथे निकाल कुणी आधी लिहीत नाही. जपानमध्ये तमाशाच्या कुस्तीला वेगळं नावच आहे, 'पुरोरेसु'. तिथे कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. पाहणाऱ्यांनाही ते माहीत असतं. तरी लोक तिकीट काढून येतात. का येतात? आपण नाटकाला का जातो? शेवटच्या अंकात काय होणार हे माहीत असूनही जातो ना! तसंच आहे हे.

मग अशा कुस्तीचं परीक्षण करायचं कसं? एक उदाहरण देतो. ४ जानेवारी २०१७ रोजी टोकियो डोममध्ये काझुचिका ओकादा आणि कॅनडाचा केनी ओमेगा यांची कुस्ती झाली. ती ४६ मिनिटं ४५ सेकंद चालली आणि ओकादा जिंकला. ओमेगाचा एक हुकमी डाव आहे. समोरच्याला खांद्यावर बसवायचं आणि मानेवर आपटायचं. त्या रात्री तो डाव बसलाच नाही. ओमेगा प्रयत्न करायचा, ओकादा निसटायचा. मग ११ जून २०१७ रोजी ओसाकात दोघं पुन्हा भिडले. या वेळी डाव बसला, पण ओकादाचा पाय दोराला लागला म्हणून पंचाची मोजणी थांबली. साठ मिनिटं संपली, कुस्ती बरोबरीत सुटली. तिसऱ्यांदा १२ ऑगस्ट २०१७ रोजी तोच डाव पूर्ण बसला आणि ओमेगा जिंकला. एक डाव, तीन कुस्त्या, सात महिने! प्रेक्षक वाट पाहत राहिला. याला म्हणतात लेखन.

आपल्या तालमीतली म्हण आठवा. वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो. जपानी लेखकांनी हेच केलं. म्हणून अशा कुस्तीत विचारायचे प्रश्न असे : गोष्ट पटली का? डावाचा मान राखला का? की पहिल्याच मिनिटाला सगळे फटाके उडवून टाकले? सेटिंग आहे का, हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. नाटक संपल्यावर कुणी म्हणत नाही, "काय हे, तो मेलेला माणूस तर पडदा पडल्यावर उठून उभा राहिला!"

आता दुसरी बाजू. निकाल ठरलेला असतो म्हणजे दुखणंही खोटं असतं, हा हॉस्टेलमधला दुसरा गैरसमज. मित्सुहारू मिसावा हा जपानचा फार मोठा पहिलवान. १३ जून २००९ रोजी हिरोशिमात चालू कुस्तीत त्याला पाठीमागून उचलून टाकलं. असा डाव त्याने आयुष्यात कितीतरी वेळा झेलला असेल. त्या रात्री तो उठला नाही. वय होतं ४६. कात्सुयोरी शिबाता याने ९ एप्रिल २०१७ रोजी ओकादाच्या डोक्यावर स्वतःचं डोकं आपटलं, खरोखरचं, आवाज सभागृहभर गेला. कुस्ती संपल्यावर तो कोसळला. मेंदूजवळ रक्त साचलं होतं, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. निकाल कागदावर लिहिता येतो. मणक्याला कागद वाचता येत नाही.

म्हणून गाद्या टाकून रूममेटला उचलून आपटणाऱ्या फर्स्ट इयरच्या वाघांनो, जरा थांबा. जपानच्या आखाड्यात नवा पोरगा आला, की त्याला आधी शेकडो बैठका मारायला लावतात आणि पडायला शिकवतात. दुसऱ्याला पाडायचं शिक्षण नंतर. आपल्या लाल मातीतही आधी जोर-बैठका, मग हौद खणणं, मग लढत. दोन्हीकडे क्रम एकच. आपण मात्र थेट शेवटच्या पानावरून सुरुवात करतो, अगदी सबमिशनसारखी.

तमाशा आणि खरी कुस्ती यांची सरमिसळ झाली की काय होतं, तेही जपान्यांनीच दाखवलंय. अंतोनिओ इनोकी हा तिथला सम्राट. २६ जून १९७६ रोजी टोकियोत त्याने मुष्टियोद्धा मुहम्मद अलीशी सामना लावला. नियम काय, खरं किती, खोटं किती, कशाचाच मेळ नव्हता. इनोकी पंधरा फेऱ्यांत बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. निकाल बरोबरी. प्रेक्षक चिडले, अलीचे पाय सुजले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला इनोकी कराचीत अक्रम पहिलवानाशी लढला. अक्रम म्हणजे थोर गामा पहिलवानाचा पुतण्या, आपल्याच मातीच्या परंपरेतला. तिथे करमणूक बाजूला राहिली आणि अक्रमचा हात निकामी झाला. कोणता खेळ खेळतोय हे दोघांचं आधी ठरलेलं नसेल, तर किंमत कुणाचं तरी हाड मोजतं.

आता येऊ आपल्या मातीवर. मी उमरखेडचा. नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचं गाव, पैनगंगा ओलांडली की हदगाव, म्हणजे मराठवाडा सुरू. आमच्याकडे विदर्भाचा कापूस आणि मराठवाड्याची हलगी दोन्ही ऐकू येतात, म्हणजे कापूस ऐकू येत नाही, पण त्याच्या पैशाचा आवाज येतो! जत्रेच्या दिवसांत गावोगावी 'कुस्त्यांची आम दंगल' अशी पत्रकं लागतात. पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. शेवटची मोठ्या इनामाची. जोड लावताना पंचमंडळी दोघांना शेजारी उभं करून नुसत्या नजरेने वजन जोखतात. वजनकाटा नाही, डॉक्टर नाही, विमा नाही. गरिबाचं पोरगं मानेवर पडलं तर वर्गणी काढून दवाखाना. आणि निकालाचं म्हणाल तर पंचाने हात वर केला की झालं. गर्दीतून कुणी "दोन्ही खांदे टेकले नाही!" म्हटलं, तर उत्तर मिळतं, "तुले काय समजते बे कुस्तीतलं?"

बघा गंमत! टोकियोतल्या कुस्तीला आपण विचारतो, सेटिंग आहे का. आणि आपल्या डोळ्यांदेखत मातीत झालेल्या कुस्तीला विचारायला घाबरतो. खरं तर नुरा कुस्ती हा शब्द याच मातीतला आहे. आतून ठरवायचं आणि बाहेर शड्डू ठोकायचे, याला ते नाव. जपानी पहिलवान लबाड नाही, कारण त्याने पाटी लावलेली आहे. पाटी 'निकाली कुस्ती'ची लावून आत काही वेगळंच चाललं, तर ती लबाडी.

गावच्या दंगलीचं सोडा, सगळ्यांत मोठ्या गदेचं पाहू. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केलं. झोळी डाव बसला, दोन्ही खांदे टेकले, विषय संपला. हरणाऱ्यालाही बोलायला जागा नव्हती. कुस्तीचं सौंदर्य ते हेच. कुठल्याही लेखकाला इतकं झटपट लिहायचं धाडस होणार नाही, प्रेक्षक पैसे परत मागतील!

आता त्याच स्पर्धेचं दुसरं चित्र. २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. गादी विभागाच्या लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळने राक्षेला चितपट केल्याचं जाहीर केलं. राक्षेचं म्हणणं, माझे खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ पाहा. वाद वाढला आणि राक्षेने पंचांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड गुणावरून वाद घालत, वेळ संपायच्या आधीच मैदान सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली आणि राक्षे, गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

पंचाला लाथ मारणं अक्षम्यच, त्यात दोन मतं नाहीत. पण आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत. बिघाड झाला की आपण फक्त फ्यूजला शिव्या देत नाही, सर्किट पाहतो. एका क्षणाचा निर्णय, त्यावर पहिलवानाची कित्येक वर्षांची मेहनत, समोर हजारो माणसं आणि हातात व्हिडिओ. तो निवांतपणे, सगळ्यांना दिसेल असा मोठ्या पडद्यावर दाखवून निकाल दिला असता तर? पंचांचा निर्णय बरोबर असता तर तो सिद्ध झाला असता, चूक असता तर सुधारला असता. दोन्हीकडून पंचांचाच मान राहिला असता. क्रिकेटमध्ये साधा धावबाद तीन कोनांतून पाहतात, मग खांद्याला काय कमी महत्त्व?

आणि विचारणारं कुणी नसलं की काय होतं, हे आपल्याला १९५२ पासून ठाऊक आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकल्याचं सांगतात. (स्टाफरूममधल्या वाचकांनी या वाक्यावर क्षणभर थांबावं, ही नम्र विनंती!) तिथे खाशाबांची गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. इशी मूळचा ज्युदोचा. त्याने खाशाबांना हरवलं आणि पुढे सुवर्णपदक जिंकलं. त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण. ही हार निखळ होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर पुरेशी विश्रांती न देता खाशाबांना सोव्हिएत मल्लाशी लढायला उभं केलं आणि त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, ही हकीकत वारंवार सांगितली जाते. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते कांस्यच राहिलं की आणखी वर जाऊ शकलं असतं, याचं उत्तर आता कुणीच देणार नाही. प्रश्न विचारायचा क्षण तेव्हाच होता आणि त्या क्षणी मॅटच्या कडेला आपलं माणूस नव्हतं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. गावच्या दंगल कमिटीत आपले काका-मामा असतात. त्यांना सांगा, इनामाची रक्कम थोडी कमी करा, पण एक वजनकाटा आणा आणि एक डॉक्टर बसवा. दोन पोरं मोबाइल घेऊन दोन बाजूंनी उभी करा, शंका आली तर पंचांनी तिथेच पाहावं. यात रॉकेट सायन्स नाही, सेकंड इयरचा पोरगाही करू शकतो. आपल्या जिमखान्यानेही इंटर कॉलेजच्या कुस्तीला नुसती संघाची यादी पाठवू नये. सोबत एक नियम वाचलेला माणूस पाठवावा. प्राध्यापक असो, नाहीतर सिनिअर. पोरगा मॅटवर असताना कडेला उभं राहून "सर, एकदा व्हिडिओ पाहू" म्हणणारं कुणीतरी हवं.

आणि जपानची कुस्ती? ती खुशाल पाहा. लाजू नका. नाटकासारखी पाहा, लेखन कच्चं असेल तर नावं ठेवा, पोरगा मानेवर पडला तर चुकचुका. दारातून ते डोकं पुन्हा आत आलं आणि म्हणालं, "सेटिंग असते बे!", तर त्याला आत बोलवा, बसायला जागा द्या आणि म्हणा, "हो, असते. पाटी लावली आहे त्यांनी. आता हे सांग, तुझ्या गावच्या दंगलीत पंच कोण होता?"