कडकनाथाच्या जोपासनेविषयी



कडकनाथ कोंबडी अंडी कमी देते, एवढ्याच सबबीवर तिला परसातून बेदखल करावे, हा गतांकातील पत्रलेखकांचा अभिप्राय, झाबुआच्या भिल्ल-भिलालांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या आणि 2018 साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या या वाणावर सर्वथा अन्याय करणारा आहे. ती खुडूक क्वचितच होते हे खरे, परंतु तिची फिकट तपकिरी अंडी (काळी नव्हेत!) गावरान खुडूक कोंबडीखाली रवणीस ठेवली, की सुमारे 21 दिवसांनी पाठीवर गडद पट्टे असलेली निळसर-काळी पिले निर्वेधपणे बाहेर पडतात. वाण खालावतो तो एकाच कोंबड्याची संतती आपसांत वाढवीत राहिल्याने. परसात कडकनाथ पाळणाऱ्यांनी दर पिढीला नात्याबाहेरचा, अस्सल कोंबडा आणावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक