जुन्या जाकिटाचा खिसा कोणाचा?

जुन्या घाटाच्या कपड्यांची सध्या मोठी हौस आहे. खणाचे जाकीट, कोशाची बंडी, इरकली लुगड्यातून बेतलेला कोट, आजीच्या पोलक्यासारख्या बाह्या. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, वर जाकीट चढवून मोटारसायकलवर बसलेल्या बाया गिरगावात आणि डोंबिवलीत दिसतात. चार मैत्रिणी जमल्या की कापड कुठून आणले, गुंड्या कुठे मिळाल्या, अस्तर कोणते लावले यावर तासन्‌तास बोलणे होते. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. बाईने आपल्या अंगावरच्या कपड्याविषयी मनापासून बोलावे, दुसरीचे कौतुक करावे, हे चांगलेच आहे. नटणे म्हणजे शरणागती, असे आपल्यातल्याही काहीजणी एके काळी मानत. त्या सोवळेपणाने काही साधले नाही.

प्रश्न वेगळा आहे. आपण ज्याला 'जुने' म्हणतो, ते कोणाचे जुने?

१८८० च्या दशकात काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायांत बूट घालून, हातात छत्री घेऊन रस्त्याने निघाल्या, तेव्हा लोकांनी हुर्यो केली, दगड मारले. बूट आणि छत्री ही पुरुषांच्या अधिकाराची चिन्हे होती, त्यांना बाईने हात लावायचा नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना सांगितले की, तुमचे लुगडे नेसण्याची तऱ्हा, गळ्यातल्या गळसऱ्या, कोपरापर्यंतचे दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे. ती टाका, इतर स्त्रियांसारखे लुगडे नेसा. लागलीच अनेकींनी नेसण्याची तऱ्हा बदलली, अशी नोंद आहे. लुगडे किती खाली सोडायचे, हे त्या बायांसाठी हौसेचे नव्हते, माणूसपणाचे होते. आज जो 'पारंपरिक साज' म्हणून भाड्याने मिळतो, त्यातला काही भाग कोणीतरी ठरवून, लढून अंगावरून उतरवलेला आहे. तो पुन्हा चढवायला हरकत नाही, पण हे ठाऊक असून चढवावा.

आता कुरखेड्याकडे या. रोवण्याच्या दिवसांत धानाच्या बांधीत वाकलेल्या बाया पाहा. लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले आणि वरून नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा. तेंदूपत्ता तोडायला जातानाही तोच. काटे, ऊन, किडे यांपासून हात वाचतात आणि वर खिसा मिळतो. खरे तर हेच आमच्या जंगलपट्टीतल्या बाईचे जाकीट. कोणी शिंपी ते तिच्या मापाने शिवत नाही. घरात पुरुषाने वापरून टाकले की तिला मिळते. शहरात दुसऱ्याचा जुना कोट हौसेने घातला की त्याला मोल येते. इथे तोच गरजेने घातला की ती नुसती उतरण. कापड सारखेच झिजलेले आहे. फरक एवढाच की एकीला निवड आहे, दुसरीला नाही.

ज्या कोशाच्या जाकिटाचे एवढे कौतुक होते, त्याची सुरुवातही आमच्याच शेजारी आहे. आरमोरी हा कोशाचा जुना भाग. येन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसराच्या अळ्या सोडतात. हे काम परंपरेने ढिवर समाजाचे. तुतीच्या रेशीमकिड्यासारखी ही अळी घरात ट्रेमध्ये वाढत नाही. उघड्या जंगलात, झाडावरच वाढते. पाखरे आणि मुंग्या यांच्यापासून तिला राखायला दिवसरात्र माणूस लागतो, आणि कुटुंबेच्या कुटुंबे जंगलात मुक्काम करतात. पाऊस लहरी झाला की पीक बुडते, आणि तो तोटा राखणाऱ्याचा. पुढे कोसे उकळून सूत काढायचे. देशभरच्या टसर-पट्ट्यात हे काम मुख्यतः बायांचे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ते उघड्या मांडीवर धागा वळून केले. कातडी सोलवटते, पाठ मोडते. केंद्रीय रेशीम मंडळाने अलीकडे 'बुनियाद' नावाचे यंत्र आणून ही पद्धत बंद करण्याची मोहीम घेतली. इतक्या उशिरा घ्यावी लागली, यातच सारे आले. विणकराची कला म्हणून दुकानदार हातमागाचे नाव तरी घेतो. सूत काढणारीचे नाव कुठेच नसते.

कोणी म्हणेल, म्हणजे आता जाकीटही घालू नये का? घालावे. हौसेचे गिऱ्हाईक तुटले तर आधी उपाशी राहील ती सूत काढणारीच. बहिष्कार हा आपला मार्ग नव्हे. पण जी मैत्रीण अस्तराची आणि गुंडीची इतकी बारीक चौकशी करते, तिने आणखी दोन प्रश्न विचारावेत. हे सूत कोणी काढले? यंत्रावर की मांडीवर, आणि तिला मजुरी काय मिळाली? दुकानदाराला हे प्रश्न दहाजणींनी विचारले, तर अकरावीला उत्तर तयार मिळेल.

इकडच्या संघटनांचेही काम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या बळावर गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा आज तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. त्या व्यवहारातून तोडणीला जाणाऱ्या बाईला तिच्या मापाचा, जाड कापडाचा, दोन खिशांचा सदरा का मिळू नये? ही मागणी लहान वाटेल. पण १९९३ साली ज्या जिल्ह्याने लोकांच्या रेट्यावर दारूबंदी मिळवली, तिथल्या बायांना ग्रामसभेत उठून एक सदरा मागणे अवघड नाही. येन-अर्जुनाची झाडे राखण्याचा ठरावही त्याच सभेत करता येईल.

खिसा ही साधी गोष्ट आहे. त्यात स्वतःचे पैसे राहतात, कागद राहतो, मजुरीची चिठ्ठी राहते. जुन्या जाकिटाची नक्कल करणाऱ्यांनी आणि जुना सदरा घालून रोवणारणींनी, दोघींनीही आधी तो तपासावा. तो आपल्या मापाचा आहे का, आणि त्यात काय पडते आहे?